शेवटी येईल त्याने दिवा लावायचा

सुनेने मास्तरांना जिन्यातच गाठलं. "आज तरी दिवा लावून जा हो, मास्तर. आई रात्र होईपर्यंत अंधारात बसून राहतात. मला भीती वाटते."

मास्तरांनी मान हलवली. उद्या ते लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. वहिनींना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, ते अजून सांगितलं नव्हतं.

वर सासूबाई आणि सहा खुर्च्या. संध्याकाळची ही बैठक मास्तरांनीच सुरू केलेली, आणि तिचं नावही त्यांचंच, 'स्वारे'. फ्रेंच शिकवणारा माणूस, साधं 'गप्पा' म्हणेल तर शपथ. नियम तेवढा सासऱ्यांचा : शेवटी येईल त्याने दिवा लावायचा आणि सगळ्यांची बोलणी खायची. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण दिवा लावायची पाळी कायम त्यांच्यावरच. बाकीचे एकेक करून गेले, मग तेही गेले. इथेही त्यांचाच नंबर शेवटचा.

"मास्तर, तुमच्या त्या शब्दाचा अर्थ काय हो?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना तो पाठ होता.

"संध्याकाळ. नुसती संध्याकाळ. पार्टीबिर्टी लोकांनी मागून चिकटवली."

"आणि त्याच्याही आधी?"

मास्तर जरा घुटमळले. "मूळ शब्द लॅटिन. उशिरा, असा अर्थ."

"बघा. म्हणजे नुसता उशीर झालाय."

मास्तर उठून बटणापाशी गेले. आज शेवटी आलेले तेच, लावला असता तर कोणी अडवलं नसतं. पण दिवा लावायचा म्हणजे आता कोणी यायचं नाही, हे वहिनींच्या तोंडावर सांगायचं. त्यांचा हात काही उठेना.

"निघतो, वहिनी. उद्या लेकीकडे चाललोय. कायमचा."

"सांभाळून उतरा. जिन्यात अंधार आहे."

सून तणतणतच आत आली. बटणावर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. सासूबाई दाराकडे बघत होत्या. सुनेने बोट काढलं आणि मास्तरांच्या खुर्चीत येऊन बसली. खुर्ची अजून ऊबदार होती.

बाहेर पुरता अंधार पडला. मग खाली जिन्यावर पाऊल वाजलं.

सासूबाई सुनेकडे वाकल्या. "आज ह्यांना कुणी काही बोलायचं नाही हं," त्या हळूच म्हणाल्या.