दहा तासांचं विमान
"विमानात बसतोय. दहा तासांत पोहोचतो. तोवर अप्पांचं श्वासाचं मशीन काढू देऊ नकोस, तुला माझी शपथ," दादा फोनवर म्हणाला. बहिणीने हो म्हटलं. अप्पा शुद्धीवर होते. घशातली नळी उपटू नये म्हणून नर्सने त्यांचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते. "दादा निघालाय, अप्पा. धीर धरा," बहीण म्हणाली. अप्पांनी नकारार्थी मान हलवली. पट्टी ओढून ओढून मनगटं सोलवटली होती. डॉक्टर म्हणाले, "ते यातून उठणार नाहीत. किती थांबायचं, तुम्ही सांगा." तिने दादाला फोन लावला. बंद. विमान उडालं होतं. तिने पट्ट्या सोडल्या. अप्पांनी मोकळा हात तिच्या गालावर ठेवला. "मशीन काढा," ती म्हणाली. दादा पोहोचला तेव्हा पलंग रिकामा होता. "दहा तास कळ काढवली नाही तुला?" "मला काढवली असती, दादा. अप्पांना काढवत नव्हती."