शेवटच्या बाकावरचे दोघे

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या रांगेत जाडजूड मिशीवाल्याने द्राक्षारसाचा पेला तोंडाला लावला आणि मिशा चांगल्या बुडेपर्यंत कलता केला. पाळकसाहेबांनी फडक्याने काठ पुसला. पुसला म्हणजे काय, आधीच्या वीसजणांची लाळ एकविसाव्यासाठी सारखी पसरून ठेवली. मग तोच पेला लिपस्टिकवालीकडे गेला, तिच्याकडून सतत खाकरणाऱ्या पोस्टमनकडे. आत भाकरीचा भिजलेला चुरा तरंगत असणार. शी!

दाराला लागून असलेल्या शेवटच्या बाकावर लॅबवाला अंग चोरून बसला होता. आठवडाभर दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांच्या थुंकीच्या डब्या उघडायच्या, काचपट्टीवर थेंब पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, हे त्याचं काम. माणसाच्या तोंडात काय काय नांदतं ते त्याला पाठ होतं. भक्तिभावाने ते मरतं, असं काही त्याने अजून पाहिलं नव्हतं.

तरी तो येत होता. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. सकाळी डोळे उघडायचे तरी कशासाठी, हेच त्याला कळेनासं झालं होतं. म्हणून लहानपणी सुटलेली उपासना त्याने पुन्हा धरली होती. पहिल्याच रविवारी त्याने पाळकसाहेबांना सरळ विचारलं, "जगायचं कशासाठी, ते देव सांगतो का हो?"

"सांगतो. पण आधी सगळ्यांबरोबर त्या पेल्यातून प्या. एकट्याला बाजूला घेऊन नाही सांगत तो."

उत्तर त्याला हवंच होतं. पण सहा रविवार झाले, रांग उठली की त्याचे पाय बाकाखाली रुतून बसायचे. देवाकडे जायच्या वाटेत ही एवढी माणसं आणि त्यांची ती तोंडं! त्याला त्यांचा वीट आला होता. हल्ली स्वतःचाही यायला लागला होता.

आधार काय तो एकाच माणसाचा. याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेलरकाका बसत. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडावर पांढराशुभ्र रुमाल. सहाही रविवार तेसुद्धा जागचे हलले नव्हते. चला, निदान एकाला तरी अक्कल आहे, असं म्हणून तो मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकायचा. आज त्याला राहवेना. तो सरकत सरकत त्यांच्याजवळ गेला.

"काका, तुम्हाला किळस येते ना?"

"कसली?"

"त्या पेल्याची. सगळ्यांच्या उष्ट्याची."

टेलरकाका चटकन लांब सरकले आणि त्यांनी रुमाल घट्ट धरला. "छे हो! जीव तुटतो माझा त्या पेल्यासाठी. छातीचा क्षय निघालाय. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आता माझ्यापासून कुणाला लागण होत नाही. पण पेला सगळ्यांचा. उगाच कुणाच्या मनात धाकधूक नको. गोळ्या संपल्या की रांगेत पहिला मी."

लॅबवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे रांग संपत आली होती.

टेलरकाकांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमचं दुखणं काय ते मी विचारत नाही. पण सहा रविवार देवाला सांगतोय, या माझ्या शेजाऱ्याला आधी बरं कर, माझं मागून बघ."