आईची सवय मोडायचा आठवडा

सोमवार. आई मुलीला खेटून.

"बाई, हिची आई नापास झालीय का?" भोंग्याने विचारलं आणि अख्खी पहिली खिदळली.

बारा मुलं आणि तेरावी आई. भोंगा हे नाव मुलांनीच ठेवलेलं. त्याचा आवाज दोन वर्ग ओलांडून जायचा. ज्या मुलीची आई वर्गात बसली होती तिला मुलं मुंगी म्हणत, कारण ती भिंतीच्या कडेकडेने चालायची. पण आई उठून जायला लागली की ह्या मुंगीचा असा टाहो फुटायचा की भोंग्यानेही कान झाकून घ्यावेत.

बाईंचा हा नोकरीतला पहिलाच वर्ग. मोठ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, की येत्या शनिवारपर्यंत मुलगी एकटी बसली तर बसली, नाहीतर पटावरून नाव काढा, पुढच्या वर्षी बघू. ही शाळा आहे, वेटिंग रूम नाही. रविवारभर बाई कागद खरडत बसल्या. शेवटी त्यांनी एक तक्ता आखला. आईला रोज थोडं थोडं लांब न्यायचं.

आई बिचारी गरीब स्वभावाची. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने लांब. ती घरी शिलाई करायची. घरात ह्या दोघीच.

मुंगीचं फळ्याकडे लक्षच नव्हतं. आईच्या मागे एक टोकदार कोपऱ्याचं बाक होतं, ते तिने ढकलून दूर नेलं. बाईंनी जागेवर आणलं. तिने पुन्हा ढकललं.

हट्टी आहे, बाईंनी मनात नोंद केली.

मंगळवार. आई दाराशी.

बटणं मोजायचा तास. भोंगा एकोणतीसवरून थेट पन्नासवर उडी मारून मोकळा झाला. मुंगीने बटणांना हातही लावला नाही. दाराकडे बघत, एका चालीत, ना घाई ना चूक, ती तीनशेपर्यंत गेली.

"आईने शिकवलं?"

मुंगीने मान हलवली. नाही.

"मग कोणी?"

"मोजून मोजून येतं."

बाई हरखल्या. असली मुलगी वर्षभर घरी बसवायची? आता त्या इरेला पेटल्या.

बुधवार. आई व्हरांड्यात.

बुधवारबद्दल न बोललेलं बरं. मोठ्या बाई दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या. 

गुरुवार. आई फाटकाशी.

चित्रकला. विषय, माझी आई. मुंगीच्या खिडकीतून फाटक दिसत होतं, तेवढ्यावर ती तगली. रडली, पण कमी. चित्र मात्र छान काढलं, अगदी आईच्या झग्यावरच्या ठिपक्यांसकट. बाईंनी ते भिंतीवर लावलं. मुंगी बाकावर चढली आणि तिने कागद फिरवून आडवा केला. बाईंनी पुन्हा उभा केला.

"अगं, आई झोपल्यासारखी दिसते ना अशाने."

बाई पाठमोऱ्या झाल्यावर चित्र पुन्हा आडवं.

शाळा सुटल्यावर आई स्वतःहून आली. हातातली पिशवी उगीच ह्या हातातून त्या हातात करत राहिली.

"बाई, ती भित्री नाहीये हो. कारण माझ्यात आहे. मला कधी कधी..."

"सगळ्या आयांना असंच वाटतं," बाई समजुतीने म्हणाल्या. "तुमचाच जीव अडकलाय तिच्यात. शनिवारी सरळ घरी जायचं. मागे वळून बघायचं नाही. मन घट्ट करा."

आईने पिशवी खांद्याला लावली. मग बरं म्हणाली आणि गेली.

शुक्रवार. आई कोपऱ्यावरच्या दुकानात.

म्हणजे पहिल्यांदाच नजरेआड. टाहो फुटलाच. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. कसली भीती वाटते, मी आहे ना तुझ्याजवळ, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

"मला नाही वाटत भीती," मुंगी हुंदक्यांमधून म्हणाली. "आई एकटी असते."

बाईंना हसू आलं, भरूनही आलं. केवढीशी पोर आणि केवढी माया.

"एवढंच ना? आईची काळजी तू माझ्यावर सोड. मी बघते आईकडे."

मुंगीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की?"

"अगदी नक्की."

नळ बंद करावा तसं रडणं थांबलं. हे आधीच का सुचलं नाही, असं बाईंना वाटून गेलं.

शनिवार. आई घरी.

फाटकाशी मुंगीने आईचा हात आपणहून सोडला. आई भराभर गेली, सांगितल्याप्रमाणे, वळून न बघता. मुंगी वर्गात आली, कडेने नाही, मधल्या वाटेने. आठवड्यात पहिल्यांदाच तिचे डोळे फळ्यावर होते. वाचनाच्या तासाला तिने दोन ओळी धडाधड वाचल्या, आणि भोंग्याने, कोणी सांगितलं नसताना, टाळ्या वाजवल्या.

मोठ्या बाई आल्या. पाच मिनिटं मागे उभ्या राहिल्या. जाताना बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, की नाव राहू दे. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मधल्या सुट्टीत त्या मुंगीशेजारी जाऊन बसल्या. तिचे केस सारखे केले, शाबासकी दिली. मुंगी डबा खायची थांबली. कपाळाला आठी घालून तिने बाईंना नीट न्याहाळलं, आणि लहान मुलाला समजवावं तशी हळू आवाजात म्हणाली,

"बाई, आई पडली आणि हातपाय झाडायला लागली, की तिला कुशीवर वळवायचं असतं. नाहीतर तिचा श्वास अडकतो. मग ती थांबेपर्यंत मोजत बसायचं. तुम्ही बघते म्हणालात. मग तुम्ही अजून इथेच कशा?"