म्हातारीचं उड्डाण

“हे विमान भंगारात जायला हवं होतं, आणि तुम्ही त्यात तीनशे माणसं बसवताय!” इंजिनिअर बाईंचा आवाज हँगरभर घुमला.

मॅनेजर टाय सरळ करत उभा राहिला. वरून हुकूम आला की मान डोलवायची, ही त्याची ख्याती. मेकॅनिक त्याला पाठीमागे ‘होयबा’ म्हणत. आणि त्या सव्वीस वर्षांच्या विमानाला ‘म्हातारी’.

नवी विमानं यायला दोन वर्षं उशीर झाला, म्हणून म्हातारीची निवृत्ती तीनदा पुढे ढकलली होती. आता ती राखीव होती. दुसरं विमान बिघडलं की हिला पुढे करायचं. आज सकाळी तेच झालं होतं. तेरा तासांचा प्रवास, तोही बहुतेक समुद्रावरून.

“सामानाच्या दाराच्या चौकटीला तडा आहे. गेल्या महिन्यात नखाएवढा होता, आता बोटभर झालाय.”

“हेड ऑफिस म्हणतं, मर्यादेत आहे.”

“मग हेड ऑफिसला म्हणावं, बायकापोरं घेऊन या आणि बसा!”

मेकॅनिक गालातल्या गालात हसले. होयबा हसला नाही.

“या जुन्या विमानाचं लायसन्स आता इथे तुमच्याकडेच उरलंय, मॅडम. बाकीचे सगळे नव्या विमानांकडे गेले. दोन वाजेपर्यंत तुमच्या सहीचा कागद हवा.”

तासाभराने हेड ऑफिसचा फोन थेट बाईंनाच आला. काचेच्या केबिनमध्ये त्या उभ्याउभ्याच बोलत होत्या. नंतर नंतर तर नुसत्या ऐकतच होत्या. बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन. होयबाच्या टेबलावर त्यांनी कागद आपटला आणि जिना उतरल्या.

“ताईंनी दाखवला इंगा,” एक मेकॅनिक पुटपुटला.

दहा मिनिटांत होयबा दोन सुरक्षारक्षक घेऊन खाली आला.

“मॅडम, तुम्ही दारू प्यायल्या आहात,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “रक्त तपासायला चला. रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही निलंबित.”

बाईंनी जन्मात थेंबाला स्पर्श केला नव्हता. “लाज वाटू द्या, साहेब! असा सूड उगवता?” मेकॅनिक ओरडले. होयबाने मान वरही केली नाही.

म्हातारी जागेवरून हलली नाही. प्रवाशांना हॉटेलात पाठवावं लागलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. स्वच्छ. तो मुठीत चुरगळत बाई तरातरा होयबाच्या केबिनमध्ये शिरल्या. तो खोक्यात आपलं सामान भरत होता.

“बावीस वर्षांची अब्रू माझी! चार लोकांत धुळीला मिळवलीत!”

“माफ करा. खोटा आळ घेतला म्हणून मला काढून टाकलंय. बरोबरच आहे ते.”

“पण का? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

“कागद नुसता दाबून ठेवला असता, तर त्यांनी तुमच्याकडून दुसरा घेतला असता. नशेतल्या माणसाची सही मात्र धरत नाहीत, मॅडम.”

त्याने खणातून दुपारचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. ‘विमान उड्डाणास योग्य आहे’ असं त्यावर छापलेलं होतं, आणि खाली बाईंची सही होती.