मुखपृष्ठावरची मुंगी

दारात पोस्टमास्तर अंक चिमटीत धरून उभे राहिले आणि यमुनाबाई लगबगीने पुढे आल्या. नवऱ्याने काढलेल्या मासिकाचा तो पहिलाच अंक. सकाळी डाक गाठायच्या घाईत वेष्टनं चिकटवायची खळ संपली, तेव्हा त्यांनी बाळाच्या बारशाची घट्ट खीरच कागदांना फासली होती.

“वहिनी, माझ्या पोस्टाचं वारूळ झालंय वारूळ! मुंग्या झटकून झटकून हात भरून आले.”

“अंक परत आणलेत का हो?” त्यांचा आवाज खिरीहून पातळ झाला. अंक पोचले नाहीत, तर नवऱ्याचं स्वप्न पाळण्यातच निजणार होतं.

“परत कसले! कधीच गेले गावोगाव. हा एक झटकताना उघडला, मी वाचत बसलो, आता आमच्या हिला तो घरीच हवाय. ज्याच्या नावाचा हा होता, त्या वाचकाला दुसरा पाठवा, आणि आमचंही नाव घाला वर्गणीदारांत.”

यमुनाबाईंनी हसत पाट मांडला आणि उरलेली खीर वाटीत वाढली.

“ही खायची, की चिकटवायची?” मास्तरांनी विचारलं.

आज, कित्येक वर्षांनी, त्यांच्या नवऱ्याच्या प्रकाशनाची दहा मासिकं निघतात. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर, अगदी कोपऱ्यात, एक इवलीशी मुंगी चालत असते, तोंडात खिरीचा कण घेऊन.