त्याच पदवीला चौपट

मिहिर आणि ऋचा नवरा-बायको. इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होते, आता चाकणच्या एकाच कंपनीत. मार्क मिहिरला जास्त पडायचे, पगार मात्र दोघांना सारखाच. मग ऋचाला जर्मनीच्या प्लांटमध्ये जायची संधी आली. काम हेच, पदवी हीच, पगार चौपट. मिहिरने सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले आणि त्या दिवसापासून त्याला तिच्याशी धड बोलवेना.

सोमवारी दोघांचे बॉस असलेल्या सबनीस सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "ऋचाच्या जर्मनीबद्दल बोलायचं होतं. तुमच्या घरून काही अडचण..."

"सर, खरं सांगू? तिला जायचं नाहीये," मिहिर मध्येच म्हणाला. "तुम्हाला तोंडावर नाही म्हणवत नाही तिला."

सरांनी समोरची फाईल मिटली. "असं होय? बरं झालं वेळेवर सांगितलंत. दुसऱ्या कुणाचं तरी नाव कळवतो."

संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये दोघांची गाडी अडकली. ऋचा हसत त्याच्याकडे वळली. "सरांनी बोलावलं होतं ना तुला? मला वाटलं, धावतच येशील सांगायला."

"काय सांगायला?"

"अरे, मी त्यांना अट घातली होती. मिहिरलाही तिथे घेणार असाल तरच मी जाईन म्हटलं. शुक्रवारी तिकडून होकार आला. आज ते फक्त तुला विचारणार होते."

पुढच्या गाड्या हलल्या. मागून हॉर्न वाजायला लागले, तरी मिहिरला गिअर टाकायचं सुचेना.