गटारपुराण

"आण ते इकडे!" म्हणत मुलाने बायकोच्या हातातलं पुस्तक हिसकावून घेतलं.

दुकानातल्या कपाटाच्या किल्ल्या घरी राहिल्या म्हणून तो भरदुपारी परतला होता. बघतो तर वडील खाटेवर लोडाला टेकून बसलेले, ऐन उन्हाळ्यात डोक्याला कानटोपी. आणि समोर स्टुलावर बसून बायको खणखणीत आवाजात वाचतेय. मैलापाणी, गाळ, जाळ्या, टाक्या. पुस्तक त्याने लगेच ओळखलं. लग्नानंतर त्यानेच ते माळ्यावर फेकलं होतं. शहराच्या सांडपाण्यावरचं ते जाडजूड पुस्तक पाणीखात्याच्या परीक्षेला लागतं. 'आपल्या घरची सून गटारं तपासत फिरणार नाही,' असं त्याने तेव्हा बजावलं होतं आणि विषय मिटला होता. निदान त्याच्यापुरता.

"बाबांनीच काढायला लावलं," सून म्हणाली. "रोज जेवण झालं की म्हणतात, वाच."

"काय वाच? हे गटारपुराण?"

पण सून खोटं बोलत नव्हती. सासऱ्यांचा जन्म पत्र्याच्या कारखान्यात घण मारण्यात गेला. कानही त्या दणदणाटातच गेले. म्हणून तर मुलाने हौसेने त्यांच्या कानाला यंत्र आणून दिलं होतं. वर्तमानपत्राच्या मथळ्यापलीकडे कधी न गेलेला हा माणूस आता रोज दुपारी निरूपणाला बसावं तसा बसायचा. मान डोलवायचा. पान उलटलं की म्हणायचा, "हं, पुढे!" पुस्तक असं रुक्ष की वाचता वाचता सुनेलाच पेंग यायची. कधी एखादी ओळ घोकायला ती मनातल्या मनात वाचत बसायची, तरी सासऱ्यांची मान डोलतच असायची. देवाने एकेकाला काय गोडी लावून ठेवलेली असते, असं तिला वाटायचं.

सासूबाईंना मात्र ती गोडी नसावी. मांडीवर शिवणाचा डबा घेऊन त्या रोज दाराशी बसायच्या, पहारा द्यावा तशा. मान वर नाही, कौतुकाचा शब्द नाही. "उरका आता" एवढंच. आज नवऱ्याला यांनीच तर बोलावून घेतलं नसेल? सुनेच्या मनात पाल चुकचुकली.

परीक्षा सोमवारी होती. शेवटची प्रकरणं अजून व्हायची होती. आणि पुढच्या वर्षी तिचं वय परीक्षेच्या अटीत बसत नव्हतं.

"बाबा," मुलाने आवाज चढवला, "तुम्हाला कळतं तरी का यातलं काही?"

सासरे त्याच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. उत्तर आलं ते दारातून.

"प्रवचनाला बसलेल्याची कोणी परीक्षा घेतं का रे?" सासूबाई बटण शिवता शिवता म्हणाल्या.

"आई, प्रवचन आहे का हे? गटारं आहेत गटारं!"

"मग? तुझ्या मोरीतलं पाणी काय वैकुंठाला जातं? अख्ख्या गावाला चष्मे विकतोस, एखादा स्वतःच्या नाकावर ठेवून बघ की."

"तू यात पडू नकोस," म्हणत त्याने पुस्तक बगलेत मारलं आणि माळ्याकडे वळला.

तेवढ्यात खाट करकरली. सासरे भिंतीला धरून उभे राहिले होते. गुडघ्यांनी कधीच दगा दिलेला. आवाज मात्र कारखान्यातलाच होता.

"ते तिच्या हातात दे! खाट माझी, दुपार माझी, कान माझे. त्यात काय ओतायचं ते मी ठरवणार. तुला सोसत नसेल तर तू घाल बोळे!"

आणि त्यांनी हात पुढे केला. तो काही मागे येईना. बापाला आडवं जायची मुलाला सवय नव्हती. त्याने पुस्तक खाटेवर आदळलं, खुंटीवरच्या किल्ल्या ओढून घेतल्या. "या घराचं डोकं फिरलंय!" म्हणाला आणि जाताना दार असं आपटलं की फळीवरचा तांब्या गडगडत खाली आला.

सासऱ्यांची पापणीही लवली नाही. ते सावकाश खाटेवर टेकले. "हं, पुढे!" म्हणाले. सुनेने अजून पुस्तक उघडलंही नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. "आई, आज बाबांच्या कानांनी तारलं हो मला."

सासूबाईंनी शिवणाचा डबा तिच्यासमोर धरला. रिळं बाजूला सारली. तळाशी, बटणांच्या ढिगात, सासऱ्यांच्या कानाचं यंत्र पडलं होतं.

"हे लावलं की दुसऱ्या पानाला घोरायला लागतात," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी बघितलं मी. घोरणाऱ्याला पुस्तक कशाला, असं म्हणाला असता तुझा नवरा. तेव्हापासून जेवण झालं की काढून घेते आणि वर टोपी चढवते. मग बसतात टक्क जागे, तुझ्याकडे बघत."

सुनेने डब्यात वाकून बघितलं. "म्हणजे इतके दिवस मी वाचत होते ते कोणीच ऐकत नव्हतं?"

सासूबाईंनी डबा बंद केला. सुईत दोरा ओवायला त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"सोमवारी परीक्षेच्या दारापर्यंत मी येणार तुझ्याबरोबर. बघू कोण आडवं येतं ते. आता वाच. काल टाकीत गाळ खाली बसायला लागला होता, तिथेच थांबलीस. माझा जीव टांगलेला आहे कालपासून. निवळलं का गं ते पाणी?"